पाच मिनिटांचा फेस

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून कामाला लागलो, तेव्हा कोंड्यासाठी म्हणून कपाटात जेमतेम एक-दोन बाटल्या असायच्या. त्यांनाही फारसं गिऱ्हाईक नव्हतं. कोंड्याला औषध असतं, हेच मुळात लोकांना ठाऊक नव्हतं. कोंडा झाला की आई रागवायची, आजी आणखी तेल चोपडायची आणि सलूनमधला कारागीर टॉवेल झटकताना ‘डोक्याकडं बघा जरा’ म्हणायचा. जो तो कोंड्याचा संबंध घाणीशी लावायचा. त्यामुळं मागायला आलेला माणूस शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचा आणि मग पुढं वाकून हळूच म्हणायचा, “डोकं लई खाजायलंय, काय तर द्या की.”

त्या काळी घरोघरी रविवारी बंब पेटायचा. अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या पेठेतून आणलेली शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा रात्री भिजत घालायचं आणि सकाळी उकळायचं. एवढी सवड नसलेल्या घरात शिकेकाईचा साबण. आदल्या रात्री डोक्याला खोबरेल थापलेलं असायचंच. बाकीचे सहा दिवस डोक्याला पाणी नाही, तेल मात्र रोज. आपल्याकडच्या पावसाळ्यात बायकांचे लांब केस दिवसभर वाळत नसत, ओल्याचाच अंबाडा बांधून कामाला लागावं लागे. यात कुणाला दोष द्यायचा नाही. शिकेकाईनं केस छानच निघतात. पण ज्याच्या टाळूवर कोंड्यानं ठाण मांडलंय त्याला एवढं पुरत नव्हतं, आणि का पुरत नाही हे कुणी समजावून सांगत नव्हतं.

कारण तेलात आहे. मॅलसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर राहते, कोंडा असलेल्यांच्या आणि नसलेल्यांच्याही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये खपल्यांत तिचं वर्णन केलं आणि पुढं तिला त्यांचंच नाव मिळालं. या बुरशीला लागणारी स्निग्धाम्लं तिला स्वतःला बनवता येत नाहीत. २००७ मध्ये तिच्या एका जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा ती बनवणारं जनुकच तिच्यात नसल्याचं दिसलं. मग ती काय करते? टाळूतून पाझरणारं तेल फोडते, हवं ते खाते आणि ओलेइक आम्ल मागं सोडते. ज्याच्या कातडीला ते सोसत नाही त्याची टाळू चिडते, खाजते. एरवी महिनाभरात नकळत झडणारी कातडी घाईघाईनं, पुंजक्यांनी सुटायला लागते आणि खांद्यावर दिसते. बाळाच्या टाळूवरची पिवळी खपली सोडली तर लहान मुलांना सहसा कोंडा होत नाही. वयात येताना तेलग्रंथी जाग्या होतात आणि कोंडाही तेव्हाच सुरू होतो. पाठीवर, मानेवर पांढुरकी शिबं उठतात, तीही याच बुरशीची करामत.

प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची तर बशीत ऑलिव्ह तेल घालावं लागतं. हे वाचल्यापासून मी काउंटरवर एक गोष्ट सांगणं कधी सोडलं नाही: कोंडा आहे तोवर रात्रभर टाळूवर तेल ठेवू नका. लोकांना हे पटत नाही. तेलानं कोंडा बसतो, खाज थांबते, टाळू मऊ होते, हा त्यांचा अनुभव असतो आणि तो तेवढ्यापुरता खराही असतो. खपली ओली होऊन चिकटून राहते म्हणून दिसत नाही. दोन दिवसांनी ती दुपटीनं दिसते. तेल लावायचंच असेल तर केसांच्या लांबीला लावावं, नाहीतर न्हायच्या आधी तासभर. दिवाळीचं अभ्यंग मी कुणालाच सोडायला सांगितलेलं नाही.

सुरुवातीच्या काळात कपाटात असायची ती बाटली म्हणजे ॲबटचं ‘सेल्सन’. सेलेनियम सल्फाइड, अडीच टक्के. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून वापरात असलेलं हे औषध. बाटली हलवल्याशिवाय ओतली तर वर नुसतं पाणी आणि औषध तळाशी. त्याला एक उग्र वास होता, न्हाल्यावरही तो केसांत राहायचा. आणि चांदी काळी पडायची. आमच्या जिल्ह्यात हुपरीला घरोघरी चांदीकाम चालतं, त्यामुळं अंगठी, जोडवी, पैंजण बाजूला काढून ठेवा, हे वाक्य मला गिऱ्हाइकाला दोनदा सांगावं लागे. त्या वासापायी अनेकांनी बाटली अर्ध्यावर सोडली. औषध मात्र चांगलं होतं, आजही आहे.

नव्वदच्या दशकात किटोकोनॅझोल आलं आणि चित्र बदललं. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीत १९७० च्या दशकात सापडलेलं हे बुरशीविरोधी औषध आधी गोळ्यांत आलं, मग मलमात, मग शांपूत. दोन टक्क्यांचा लालसर, दाटसर शांपू. वास सुसह्य, फेस बऱ्यापैकी. त्वचारोगतज्ज्ञ चिठ्ठीवर लिहून द्यायला लागले. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतून निघून आमच्याकडं येणारी माणसं किंमत ऐकून थबकायची. छोटी बाटली, तीही साध्या शांपूच्या कितीतरी पट महाग. म्हणून ती घरात पुरवून पुरवून वापरली जायची. पाणी घालून वाढवायची, सगळ्यांनी मिळून लावायची, लावली की लगेच धुवायची. महिन्यानं तोच माणूस परत यायचा, “उपयोग नाही झाला, दुसरं भारी द्या.”

या औषधाचं सगळं गणित वेळेवर आहे. साधा शांपू मळ काढतो, तो लावून लगेच धुतला तरी काम होतं. औषधी शांपू टाळूवर राहावा लागतो. तीन ते पाच मिनिटं फेस तसाच ठेवायचा. केसांना नव्हे, बोटांच्या पेरांनी टाळूला लावायचा. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. किटोकोनॅझोल कातडीच्या आणि केसांच्या केराटिनला धरून राहतं, म्हणून रोज लावायची गरज नसते. आणि कोंडा गेला म्हणून बाटली फेकायची नाही, पुढं आठवडा-पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवायचं. बुरशी कायमची जात नाही, ती टाळूची जुनी भाडेकरूच आहे. “कायमचा जाईल का?” असं विचारणाऱ्याला मी नाही असंच सांगतो. तो नाराज होतो, पण खोटी आशा घेऊन गेला तर तीन महिन्यांनी औषधावरचा त्याचा विश्वासच उडतो.

एका तालमीतला पैलवान मला चांगला आठवतो. खेड्यातून आलेला, विशीतला पोरगा. केस बारीक कापलेले, टाळूवर आणि कपाळाच्या कडेला लाल चट्टे, त्यावर तेलकट खपल्या. कोल्हापूरच्या आखाड्यातली माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली असते. खासबागच्या मैदानात १९१२ पासून कुस्त्या रंगतायत, पण मातीचा आणि अंगाच्या तेलाचा संबंध त्याहून जुना. या पोराची सकाळ-संध्याकाळ तेलमालिश, आणि उरलेलं तेल डोक्यावर. घाम, माती, तेल, परत घाम. वस्ताद म्हणाले म्हणून तो डॉक्टरांकडं गेला होता. दोन बाटल्या संपवल्या, फरक नाही, म्हणून वैतागला होता. कसा लावता विचारलं तर आंघोळीच्या शेवटी अंगाला साबण लावता लावता डोक्यावर ओततो आणि बादली उपडी करतो. मी म्हटलं, “आधी डोकं. फेस काढा आणि तसंच राहू द्या. तोवर लंगोट धुऊन घ्या. लंगोट पिळून झाला की मग डोकं धुवा. आणि अंगाला हवं तेवढं तेल लावा, डोक्याला महिनाभर नको.” तो परत आला तेव्हा चट्टे फिकट झाले होते, कपाळ स्वच्छ दिसत होतं. त्यानं आणखी एक बाटली घेतली आणि या खेपेला सगळ्यांसमोर, मोठ्यानं मागून घेतली. मला त्याचं फार बरं वाटलं.

नव्वदच्याच दशकातली दुसरी आठवण जड आहे. भुवया, नाकाच्या कडा, कानामागं, छातीच्या मध्यावर तेलकट पिवळसर खपल्या, आणि कुठलाच शांपू, कुठलंच मलम लागू पडत नाही, असे काही तरुण यायला लागले. शेजारच्या सांगली जिल्ह्यात तेव्हा एचआयव्हीचं प्रमाण मोठं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली की ही निरुपद्रवी बुरशी चेकाळते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. कोंड्याच्या टोकाच्या अवताराकडं पाहून ते रक्ततपासणी सुचवायचे. त्या वेळी निदानानंतर हाती देण्यासारखं फार थोडं होतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरचे मोफत एआरटी उपचार सुरू झाले, आणि औषधं लागू पडली तशी त्या माणसांची कातडीही निवळली. हट्टी कोंडा असणाऱ्या बहुतेकांचा या आजाराशी काही संबंध नसतो, घाबरून जाऊ नये. पण नीट वापरूनही औषधी शांपू हरतो तेव्हा प्रश्न शांपूचा नसतो, हे मी त्या वर्षांत शिकलो.

१९९७ मध्ये ‘हेड अँड शोल्डर्स’ भारतात आला. त्यातलं झिंक पायरिथिऑन अमेरिकेत १९६१ पासून विकलं जात होतं. टीव्हीवर काळे कोट घातलेली देखणी माणसं दिसू लागली आणि कोंडा हा उघड बोलायचा विषय झाला. जाहिरातींबद्दल माझ्या तक्रारी आहेत, पण हे श्रेय त्यांचं. त्याआधीच तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू पुडीत भरून दाखवला होता. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ काढला आणि पुडी खेड्यापाड्यांत पोचली. राधानगरी-गगनबावड्याकडच्या वाडीवस्तीवरच्या टपरीतही माळा लटकू लागल्या. शांपू गरिबाच्या घरात गेला ही मोठी गोष्ट झाली. पण पुडीनं हाताला एक सवय लावली: फाडायची, चोळायची, धुऊन मोकळं व्हायचं. तोच हात पुढं औषधी बाटलीवरही चालला.

२००० नंतरच्या वर्षांत मला सर्वांत जास्त त्रास दिला तो स्टिरॉइडनं. टाळू फारच लाल आणि खाजरी असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडचं लोशन देतात, त्यात काही चूक नाही. लोक मात्र मित्राची, मेव्हण्याची चिठ्ठी दाखवून तेच महिनोन्महिने नेऊ लागले. दोन दिवसांत खाज बंद, मग कोण थांबतो? कपाळावर, भुवयांवर ते चोळून कातडी पातळ झालेली, शिरा दिसायला लागलेल्या, पुरळ उठलेले चेहरे मी पाहिलेत. बुरशी मरत नाही, नुसती सूज दबते. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेवर लावायच्या १४ स्टिरॉइडांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सवलत काढून घेतली. आम्हा दुकानदारांतही कुरकुर झाली. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

घरगुती उपायांबद्दल मोबाइलमुळं आता नव्यानं विचारणा होते. आंबट दही, मेथीचं वाटण, कडुनिंबाचा पाला, कांद्याचा रस, कापूर घातलेलं खोबरेल. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत ‘दारुणक’ सांगितलाय: टाळूची रुक्षता, खाज, टाळूला भेगा पडणं. म्हणजे हे दुखणं आपल्याकडं जुनं आणि त्यावरचा विचारही जुना. सौम्य कोंड्याला यातल्या काही गोष्टींनी बरं वाटत असेल तर करा. पण चिडलेल्या टाळूवर लिंबू पिळू नका. भाजल्यासारखी झालेली टाळू घेऊन माणसं आलेली मी पाहिली आहेत.

औषधांत आता निवड आहे. सायक्लोपिरॉक्स आहे, डांबराचे शांपू आहेत, सॅलिसिलिक आम्ल घातलेले आहेत. युरोपीय महासंघानं १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनवर बंदी घातली. धुऊन टाकायच्या शांपूत एक टक्क्यापर्यंत ते सुरक्षित असल्याचं त्यांच्याच तज्ज्ञ समितीचं मत होतं, तरी रसायनांच्या वर्गीकरणाच्या नियमानं ते बाद झालं. इथं ते विकलं जातं. एका औषधाला टाळू दाद देईनाशी झाली की डॉक्टर दुसरं देतात, आलटून पालटून. आणि प्रत्येक पांढरं काही कोंडा नसतं. केसांच्या रेषेबाहेर येणारी जाड, चंदेरी खपली सोरायसिसची असू शकते. शाळकरी मुलाच्या डोक्यावर केस तुटून चकता पडला असेल तर तो वेगळ्या बुरशीचा संसर्ग, त्याला पोटात गोळी लागते. केसाला घट्ट चिकटलेला, झटकून न पडणारा कण म्हणजे लिखा.

हल्लीची मुलंमुली शांपूचं नाव, टक्केवारी सगळं वाचून येतात आणि न लाजता मागतात. एक गोष्ट मात्र इतक्या वर्षांत हलली नाही. खोक्यातली माहिती आजही बहुधा इंग्रजीत आणि भिंग लागेल अशा अक्षरांत असते. बाटली ज्यांच्या घरी जाते त्यातले निम्मे ती वाचत नाहीत आणि उरलेल्यांना ती समजत नाही. म्हणून मी पेनानं खोक्यावर लिहून देतो: ‘टाळूला लावा, पाच मिनिटं ठेवा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर.’ एवढीच ओळ कंपन्यांनी महाराष्ट्रात येणाऱ्या बाटलीवर ठळक मराठीत छापावी, ही मागणी मी भेटीला येणाऱ्या कंपनीच्या प्रत्येक प्रतिनिधीकडं, एमआरकडं, करतो. तो वहीत टिपून घेतो. पुढच्या खेपेला तो आला की मी पुन्हा विचारतो.