हंगामाबाहेरची पाहुणी

१८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर मी गेली कित्येक वर्षं सवडीने वाचत आलोय. शिरूर-दौंडकडचा माणूस त्यात आधी आपली गावं हुडकतो: घोडनदी, रांजणगाव, पाटस, केडगाव. मग अष्टविनायकांच्या मागे लागतो. रांजणगाव आमच्याच तालुक्यात. सिद्धटेकला दौंडकडच्या शिरापूरहून पूर्वी नावेने भीमा ओलांडून जायचे. मोरगाव तर शेजारीच, आणि मोरगावची वारी चिंचवडच्या देवांची. म्हणून चिंचवडची नोंद उघडली, तर तिथे एक मिसेस ग्रॅहम भेटल्या. बाई १८०९ साली चिंचवडला येऊन गेल्या. त्यांना वाडा कळकट वाटला आणि तिथले ब्राह्मण खाऊनपिऊन तुकतुकीत. मोरया गोसाव्यांच्या गादीवर तेव्हा एक मुलगा होता. चारचौघा ब्राह्मणांच्या पोरांसारखाच, फक्त नजर बावरलेली, आणि ती म्हणे अफूमुळे.

वाचून राग आला. मग कुतूहल वाटलं. ही कोण बाई, आणि कुठून उगवली?

मारिया ग्रॅहम, माहेरची डंडस, जन्म १७८५. वडील मुंबईच्या नौदल गोदीचे कमिशनर. त्यांच्याबरोबर ती १८०९ च्या मेअखेरीस, ऐन पावसाच्या तोंडावर मुंबईला उतरली. त्याच वर्षी डिसेंबरात थॉमस ग्रॅहम या नौदल अधिकाऱ्याशी तिचं लग्न झालं. पनवेल, बोरघाट, कार्ल्याची लेणी, पुणं, चिंचवड असा तिचा फेरा झाला आणि १८१२ साली हिंदुस्थानातल्या मुक्कामाची रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. तिच्या लेखी आमचा मुलूख पुण्याशी संपला. शिरूरला तेव्हा इंग्रजांची मोठी छावणी होती आणि तिचा सेनापती कर्नल वॉलेस त्याच १८०९ साली तिथे वारला. पुढे शिरूरकरांनी त्याला सत्पुरुष ठरवून टाकलं. सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून ठेवायची चाल पडली, याची नोंदही गॅझेटियरात आहे. गोऱ्या कर्नलला देवपण देणारी माणसं बाईला भेटली असती तर तिने काय लिहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पण ती आली ती वाटा कोरड्या झाल्यावर, हंगामात, लवाजम्यासकट. पाहिलं, शेरा मारला आणि पुढे गेली.

तेरा वर्षांनी हीच बाई चिलीला पोचली आणि तिथे तिने जे केलं ते अगदी वेगळं.

‘डोरिस’ ही ३६ तोफांची फ्रिगेट १८०८ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली. १८२१ साली तिची कप्तानी थॉमस ग्रॅहमकडे आली. मारिया बरोबर होती. ब्राझीलचा किनारा करून जहाज दक्षिणेला वळलं, आणि १८२२ च्या एप्रिलात केप हॉर्नच्या पाण्यात नवरा तापाने गेला. २८ एप्रिलला डोरिस वाल्पराइसोला लागली तेव्हा मारियाच्या हाती होतं ते नवऱ्याचं दफन. जहाजावरचे लोक तिला इंग्लंडला परत धाडायला तयार होते. तिने नकार दिला, गावाच्या आल्मेंद्राल भागात एक बैठं घर भाड्याने घेतलं आणि राहिली. या डोरिसचा शेवटही वाल्पराइसोलाच झाला. १८२९ साली ती तिथेच विकून टाकली. मुंबईचं सागवान पॅसिफिकच्या काठी मोडीत निघालं.

एप्रिलअखेर म्हणजे तिथे हिवाळ्याची चाहूल. दक्षिण गोलार्धाचं गणित वाचकांना माहीत आहेच, ते इथे मांडत नाही. एवढंच, की मध्य चिलीतला पाऊसही हिवाळ्यातच पडतो. सांतियागोला वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक मे ते ऑगस्टात. आमच्या अवर्षणप्रवण तालुक्यांना हा आकडा ओळखीचा वाटावा. फरक इतकाच की आपल्याकडे जूनचा पाऊस पेरणी घेऊन येतो आणि तिकडे तो थंडी घेऊन येतो. द्राक्षवाल्याला तर हे एका वाक्यात कळतं. आपल्या वेलीला झोप नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशी दोनदा कात्री लावून तिला फसवावं लागतं. चिलीतली वेल पानं झाडून खरोखर झोपते आणि जून ते ऑगस्टमध्ये तिची एकदाच छाटणी होते. मग डिसेंबरपासून त्यांची द्राक्षं युरोपात, आणि जानेवारीपासून त्यांच्याशी झुंजायला आपली.

आजच्या पर्यटनात हे हिवाळी महिने पडेल समजले जातात. पोर्तियो, व्हाये नेवादो अशी बर्फावर घसरण्याची ठिकाणं तेवढी गजबजलेली असतात. बाकी दक्षिणेकडचं पाटागोनिया निम्मं बंद, अँडीजचे घाट बर्फाने कधीही अडणारे. ‘जुलैत कशाला जाताय, काही दिसणार नाही,’ असं मला पुण्यातल्या एका सहलवाल्याने समजावलं. त्याच्या टेबलावर पेंग्विनचा फोटो होता. बाईची चिलीतली रोजनिशी वाचल्यावर मात्र वाटतं, दिसायचं ते याच महिन्यांत दिसतं, कारण तेव्हा गावातली माणसं घरी असतात.

मे महिन्यात ती गावाबाहेरच्या कुंभारांच्या वस्तीत गेली. कारखाना असेल असं तिला वाटलं होतं. होती ती चार मोडकी खोपटी. चाक नाही. बायका जमिनीवर बसून तांबड्या मातीची भांडी नुसत्या हातांनी वळत होत्या आणि पोरं घासून चकाकी आणत होती. बाईने त्यांच्यात बसायची परवानगी मागितली आणि मातीचा गोळा हातात घेतला. चिंचवडला जिला ब्राह्मणांच्या पोटांपलीकडे फारसं काही दिसलं नव्हतं, ती इथे कुंभारणीच्या बोटांकडे बघत बसली. घरात निजायला काय आहे, चूल कुठे आहे, हे सगळं तिने टिपून ठेवलं. ‘माते’ या तिथल्या पेयाचंही तसंच. एकच भोपळी, एकच नळी, आणि ती बैठकीतल्या प्रत्येकाच्या तोंडाला लागणार. पहिल्यांदा संकोच झाला, मग तिने पिऊन पाहिलं आणि तिला ते आवडलं.

यामागे स्वभावापेक्षा परिस्थिती होती, असं माझं मत. विधवा, एकटी, मागे ना साहेबी गोतावळा ना पुढे गाठायचा मुक्काम. बाहेर पाऊस. वाल्पराइसोचा उपसागर उत्तरेला उघडा आहे आणि हिवाळी वादळं नेमकी उत्तरेकडून येतात, त्यामुळे नांगरलेली जहाजं किनाऱ्यावर आदळतात. अशा दिवसांत माणूस समुद्राकडे बघतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि लिहितो. तिने रोज लिहिलं.

डोंगराकडची वाटही बंद. अर्जेंटिनाकडे जाणारा उस्पायाताचा घाट हिवाळाभर बर्फाखाली असे. तरी टपाल थांबत नसे. १७६० च्या दशकात आम्ब्रोसिओ ओ’हिगिन्स या आयरिश माणसाने स्पेनच्या राजाच्या चाकरीत या वाटेवर विटांच्या बुटक्या कोठड्या बांधून घेतल्या. वादळात सापडलेल्या हरकाऱ्याने आत शिरायचं, साठवलेलं सरपण आणि शिधा वापरायचा आणि आकाश उघडेपर्यंत जीव धरून राहायचं. त्यांतल्या काही अजून उभ्या आहेत. चिलीच्या इतिहासातल्या अनेक पुतळ्यांपेक्षा मला त्या कोठड्यांचं अप्रूप जास्त. याच आम्ब्रोसिओचा अनौरस मुलगा बर्नार्दो १८२२ साली स्वतंत्र चिलीचा सर्वाधिकारी होता. हिवाळा सरताना बाई सांतियागोला गेली तेव्हा त्याला, त्याच्या आईला आणि बहिणीला भेटली. राजकारणात ती निःपक्ष अजिबात नव्हती. चिलीच्या आरमाराचा प्रमुख लॉर्ड कॉक्रेन तिचा मित्र. कॉक्रेनचं आणि स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापती सान मार्तिन याचं वाकडं, म्हणून ऑक्टोबरात सान मार्तिन भेटला तेव्हा तो तिला आवडला नाही. हे लक्षात ठेवून वाचावं.

आता भूकंप. कागदपत्रं चाळताना मी सगळ्यात जास्त अडकलो तो इथेच.

१९ नोव्हेंबर १८२२, रात्री दहा वाजून गेलेले. बाई वाल्पराइसोच्या उत्तरेला किंतेरोला कॉक्रेनच्या घरी होती. बरोबर तिचा आजारी नातलग ग्लेनी. जमीन हलली आणि हलतच राहिली. घर पडलं नाही, पण राहण्याजोगंही उरलं नाही, आणि पुढचे दिवस तंबूत गेले. वाल्पराइसोचा आल्मेंद्राल भाग कोसळला. धक्के थांबेनात. अशात बाई किनाऱ्यावर गेली, तर भरतीच्या रेषेच्या वर कालवं आणि शिंपले खडकाला चिकटलेले आणि मरून सडत असलेले. एका फुटक्या जहाजापर्यंत पूर्वी कोरड्या पायांनी जाता येत नसे, तिथे आता जाता येत होतं, आणि जहाज मात्र जागचं हललेलं नव्हतं. म्हणजे किनाराच तीन-चार फूट वर आला होता. मागच्या उतारावर त्याहून जुन्या किनाऱ्यांच्या पायऱ्या शिंपल्यांसकट दिसत होत्या. असं पूर्वीही घडलं असणार, हे तिने लिहिलं.

हे सांगणारं पत्र तिने हेन्री वॉरबर्टनला लिहिलं आणि १८२४ साली ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापलं गेलं. त्या नियतकालिकातला बाईमाणसाचा तो पहिला लेख. खुद्द सोसायटीत बायकांना प्रवेश मिळाला १९१९ साली, म्हणजे लेख चालला, लेखिका चालली नसती. १८३० साली भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथात हाच पुरावा उचलला. पृथ्वीची उलथापालथ एका प्रलयात होत नाही, फूट-फूट करत होते, असं त्याला सांगायचं होतं आणि वर आलेला चिलीचा किनारा त्याला हवाच होता.

लायेलचे विरोधक म्हणूनच तिच्यावर घसरले. १८३४ साली सोसायटीचा अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो याने वार्षिक भाषणात तिच्या लेखाची सालटी काढली. ग्रीनो काही किरकोळ माणूस नव्हता. सोसायटीचा पहिला अध्यक्ष तोच, आणि इंग्लंडचा मोठा भूशास्त्रीय नकाशाही त्याचा. पण चिली त्याने पाहिलं नव्हतं. घाबरलेल्या बाईच्या नजरेवर किती भिस्त ठेवायची, असा एकूण सूर.

बाई तोवर चित्रकार ऑगस्टस कॉलकॉटची बायको झाली होती आणि १८३१ पासून रक्तवाहिनी फुटल्याने अंथरुणाला खिळली होती. तिच्या नातलगांकडून आलेली हकिगत अशी, की नवरा आणि भाऊ दोघेही ग्रीनोला द्वंद्वाचं आव्हान द्यायला उठले. तिने दोघांना गप्प केलं. ही लढाई माझी, मीच लढते, म्हणाली. मग पलंगावरूनच उत्तर लिहून छापवलं. आपण कुठला सिद्धांत मांडायला बसलो नव्हतो, जे पाहिलं ते लिहिलं, हा त्याचा गाभा. ते उत्तर पुढे अमेरिकेतल्या सिलिमनच्या विज्ञानपत्रिकेतही आलं.

मला तिचं सगळ्यात बळकट प्रमाण वाटतं ते तिच्या रोजनिशीत. भूकंपाच्या आधी ती त्या किनाऱ्यावर संपूर्ण हिवाळा होती. भरती कुठवर येते, ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो, हे पाहायला तिला महिनेच्या महिने मिळाले होते. चार दिवस हंगामात येऊन गेलेल्या पाहुण्याला पाणी मागे सरलंय की जमीन वर आलीय, हे कुठल्या तोंडाने सांगता आलं असतं?

निकाल लागायला फार वेळ लागला नाही. जुलै १८३४ मध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात, ‘बीगल’ हे जहाज वाल्पराइसोला आलं. त्यावर डार्विन होता. २० फेब्रुवारी १८३५ ला कोन्सेप्सियोन भूकंपाने उद्ध्वस्त झालं. कप्तान फिट्झरॉयने सांता मारिया बेटावर मोजणी केली तेव्हा किनारा आठ-दहा फूट उचललेला निघाला. खडकाला चिकटून सडलेले शिंपले इथेही होते. ४ जानेवारी १८३७ ला डार्विनने चिलीचा किनारा वर येत असल्याचा निबंध वाचला, तो त्याच जिऑलॉजिकल सोसायटीत. ग्रीनोने कधी माफी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

बाईचं चिलीतलं शेवटचं काम मला फार आवडतं. कॉक्रेनने चिलीची चाकरी सोडली तेव्हा चिलीकरांना निरोपाचं पत्रक छापायचं होतं. किंतेरोला तंबूत शिळाप्रेस मांडला आणि त्या छपाईत बाईने हात काळे केले. १८ जानेवारी १८२३ ला दोघं एकाच जहाजाने निघून गेली. दहाच दिवसांनी, २८ जानेवारीला, ओ’हिगिन्स सत्तेवरून उतरला. किंतेरोच्या उपसागरावर पुढे १९६४ पासून व्हेंतानासचा तांबं गाळण्याचा कारखाना धूर ओकत राहिला. २०२३ साली तो बंद झाला. रांजणगावच्या एमआयडीसीशेजारी राहणाऱ्याला त्या बातमीतलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

मारिया १८४२ साली लंडनमध्ये वारली. आपल्याकडे ती ग्रंथालयातल्या तळटिपांत उरली आहे. तिची चिलीची रोजनिशी १८२४ सालची. तिथले इतिहासकार तिला स्वातंत्र्यकाळाची साक्षीदार मानून आजही उघडतात. लंडनच्या केन्सल ग्रीनमधल्या तिच्या थडग्याची डागडुजी २००८ साली झाली. खर्च चिली सरकारने केला, आणि तिथे बसवलेल्या पाटीवर तिला चिली राष्ट्राची मैत्रीण म्हटलं आहे.