आलेखावरील बिंदू आणि 'वाढ' हा शब्द

व्यापाराचे आकडे रेषेने चितारून दाखविण्याची प्रथा स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने रूढ केली. १७८६ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख आहेत. आज असा आलेख पेढीपेढीवर आढळतो. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. बिंदू हिशेबाचे असतात. त्यांना जोडणारी रेषा आपण ओढलेली असते.

जे सतत वाढते त्यास गणितात 'वर्धमान फल' म्हणतात. (हा शब्द आपल्या वाचकांस परका नाही!) त्याची कसोटी अशी: आडव्या अक्षावरील कोणतीही दोन स्थाने घ्यावीत, उजवीकडील स्थानी उंची डावीकडल्याहून अधिकच असली पाहिजे. सारी मेख 'कोणतीही' या एका शब्दात आहे. विरुद्ध साक्ष देणारी बिंदूंची एकच जोडी सापडली, तर दावा तत्काळ कोसळतो. उलट अनुकूल बिंदू शंभर मिळाले तरी तो सिद्ध होत नाही.

आपल्या देशाची लोकसंख्याच पाहा. आजच्या भारताच्या सीमा धरून १९०१ साली ती सुमारे २३.८४ कोटी, १९११ साली २५.२१ कोटी आणि १९३१ साली २७.९० कोटी होती. हे तीनच बिंदू मांडले तर रेषा निर्वेध चढते. परंतु मधला १९२१ चा बिंदू २५.१३ कोटींचा, म्हणजे १९११ च्याही खाली आहे. शिवाय ही सात-आठ लाखांची घटदेखील सगळी हकीकत सांगत नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने अल्पावधीत एक कोटीहून अधिक माणसे नेली. तो कडा दोन खानेसुमारींच्या मधल्या कोऱ्या जागेत दडून राहिला आहे.

गणितात तर याहून चमत्कारिक उदाहरण मिळते. एखाद्या संख्येच्या घनातून तिची तिप्पट वजा करा. संख्या उणे २, ० आणि २ घेतल्यास उत्तरेही अनुक्रमे उणे २, ० आणि २ येतात. तिन्ही बिंदू एका सरळ चढत्या रेषेवर! पण उणे १ घेता उत्तर २ येते आणि १ घेता उणे २. मधल्या भागात आलेख चक्क घसरतो.

म्हणून केवळ वर्षअखेरच्या शिलका पाहून कोणास उधारी वा कर्ज देणे धोक्याचे आहे. तीन वर्षांच्या शिलका चढत्या असतील. पण ऐन हंगामात, माल भरून पडलेला आणि वसुली थकलेली असताना, हुंडी सकारण्यापुरतीही रोकड गल्ल्यात नसेल. ते जाणण्यास रोजकीर्दच चाळावी लागते.

काही राशींची मात्र घडणच हमी देते. वर्षारंभापासूनच्या विक्रीची एकूण बेरीज, परत आलेला माल वजा न करता मांडली, तर ती कधीच खाली येत नाही. पेढी बंद असेल त्या दिवशी रेषा आडवी राहते इतकेच. आणि तेवढ्यावरूनही काटेकोर गणिती तिला 'वर्धमान' म्हणणार नाही, 'न घटणारी' म्हणेल.