पक्षी-छायाचित्रणातील रंगझाक

पक्षी-छायाचित्रणातील रंगझाक म्हणजे ज्या प्रकाशात पक्ष्याचे छायाचित्र घेतले, त्या प्रकाशाच्या रंगामुळे चित्रावर पसरलेली निळी, पिवळी, हिरवी किंवा तांबूस छटा होय. अशा चित्रात पांढरे पीस पांढरे राहत नाही व इतर रंगही त्यासोबत सरकतात. निसर्गदृश्यात सायंकाळची सोनेरी झाक शोभून दिसते. पक्ष्याच्या चित्रात मात्र तीच झाक ओळख चुकवू शकते, कारण पिसाऱ्याचा रंग हे जात, नर-मादी भेद व वय ठरविण्याचे एक प्रमुख लक्षण आहे. अंगणात व परसात पक्षी भिंत, झाड, पत्रा, ताडपत्री यांच्या निकट वावरत असल्याने तेथील छायाचित्रांत हा दोष अधिक आढळतो.

कारणे

प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या जुन्या दिव्याचा सुमारे २,७००, दुपारच्या उन्हाचा ५,५००, ढगाळ आकाशाचा ६,५००, तर निरभ्र आकाशाखालील सावलीचा ७,००० ते ८,००० केल्विन असतो. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर. मानवी दृष्टी या बदलाशी आपोआप जुळवून घेते, म्हणूनच पांढरी भिंत उन्हात व सावलीत आपल्याला सारखीच पांढरी भासते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस फॉन क्रीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या समायोजनाचे स्पष्टीकरण मांडले. डोळ्यातील तिन्ही प्रकारच्या शंकुपेशी आपापली संवेदनक्षमता स्वतंत्रपणे कमी-अधिक करतात, असे त्याचे सार आहे. कॅमेऱ्यातील श्वेतसंतुलन तत्त्वतः हेच करते. लाल, हिरवा व निळा या घटकांना ते वेगवेगळ्या पटीने गुणते.

दुसरे कारण परावर्तनाचे. आंब्याखाली बसलेल्या दयाळावर पानांतून गाळून आलेला व पानांवरून उसळलेला हिरवा प्रकाश पडतो. निळी ताडपत्री जवळ असेल तर पोट निळसर होते. ही झाक केल्विनच्या मापात बसत नाही. निळा-पिवळा हा एक अक्ष झाला. हिरवा-किरमिजी हा दुसरा अक्ष वेगळा जुळवावा लागतो. पुष्कळ नवखे छायाचित्रकार पहिल्यावरच थांबतात आणि चित्र पिवळे करूनही हिरवेपणा का जात नाही, याचा उलगडा त्यांना होत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्थिती

या दोन जिल्ह्यांत प्रकाशाचे प्रकार थोड्या अंतरावर पालटतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पश्चिम भागात जांभा दगड व तांबडी माती आहे. उन्हात तापलेल्या तांबड्या अंगणातून उसळणारा प्रकाश बुलबुलाच्या पोटावर खालून पडतो, तर पाठीवर वरून निळ्या आकाशाचा प्रकाश असतो. एकाच पक्ष्याची पाठ निळसर व पोट तांबूस, अशी ही दुहेरी झाक होय. संपूर्ण चित्राला एकच दुरुस्ती लावल्यास एक बाजू सुधारते व दुसरी अधिक बिघडते. येथे पाठ व पोट यांची निवड वेगवेगळी करूनच काम करावे लागते.

सांगलीकडील कृष्णाकाठची काळी माती प्रकाश फारसा परत फेकत नाही. तेथे तांबूस झाक क्वचित, हिरवी मात्र नित्याची. ऊस व द्राक्षबागा तर आहेतच, शिवाय तासगाव परिसरातील बेदाणा शेडना हिरवी जाळी लावतात. अशा जाळीलगत टिपलेली साळुंकी आजारी असल्यासारखी दिसते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात दुपारी झाक कमी असते. सकाळ-सायंकाळी धुळीमुळे प्रकाश पिवळा होतो.

पावसाळ्यात सुगरण पक्ष्याचे विणीचे दिवस असतात. नराच्या डोक्याचा व छातीचा पिवळा रंग तेव्हाच खुलतो आणि नेमका तेव्हाच प्रकाश ढगाळ व निळसर असतो; त्यामुळे चित्रात तो पिवळा रंग फिका व मळकट उतरतो.

स्वयंचलित संतुलनाच्या मर्यादा

चित्रातील सर्व रंगांची सरासरी राखाडी असते, हे स्वयंचलित संतुलनाचे सर्वांत जुने गृहीतक. फुललेल्या पांगाऱ्यावर बसलेल्या पक्ष्याच्या चित्रात ते खोटे ठरते. फुलांचा लाल रंग ही प्रकाशाचीच झाक आहे असे मानून यंत्र विरुद्ध दिशेला जाते आणि पक्ष्यावर हिरवट-निळी कळा चढते. हिरवळीवरच्या चित्रात याच कारणाने किरमिजी छटा येते. आधुनिक कॅमेरे याहून चतुर आहेत, तरी हा दोष पूर्णपणे गेलेला नाही.

दुरुस्ती

सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे राखाडी पत्रक. पक्षी त्याच फांदीवर वा पाण्याच्या त्याच भांड्यावर पुन्हा येतो, हा परसाचा मोठा लाभ. त्या जागी पत्रक धरून एक छायाचित्र घेऊन ठेवावे व ढग आल्यास पुन्हा घ्यावे. वहीचा पांढरा कागद वापरू नये. अनेक कागदांत चकाकीसाठी घातलेली द्रव्ये उन्हातील अतिनील किरणांमुळे निळसर प्रकाश देतात, आणि त्यावरून संतुलन साधल्यास चित्र पिवळे पडते.

पत्रक नसल्यास पक्ष्याचेच उदासीन रंगाचे पीस आधाराला घेतात. दयाळाच्या पंखावरील पांढरा पट्टा किंवा लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीच्या मुळावरील पांढरा भाग यासाठी योग्य आहे. मात्र तो भाग अतिप्रकाशित नसावा, कारण तेथे रंगाची माहितीच उरलेली नसते. राखी धनेशाच्या नावावर जाऊ नये. त्याच्या राखाडीत तपकिरी अंश असतो. सूर्यपक्ष्याची चमक तर कोनागणिक बदलते.

छायाचित्र रॉ स्वरूपात घेतलेले असल्यास दुरुस्तीला वाव अधिक राहतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. डार्कटेबल व रॉथेरपी या विनामूल्य आज्ञावलींत उदासीन बिंदू निवडण्याची सोय आहे. तेथील केल्विनचा आकडा प्रकाश कसा होता ते सांगतो. म्हणून तो वाढविला की चित्र निळे न होता पिवळे होते.

ओळखीवरील परिणाम

गायबगळा विणीच्या हंगामात डोके, मान व पाठ यांवर नारिंगी-बदामी होतो. एरवी तो पांढराशुभ्र असतो. मावळतीच्या उन्हातील पांढरा बगळा चित्रात विणीच्या पिसाऱ्यातला वाटू शकतो. उलटपक्षी, खऱ्या बदामी मानेला उदासीन बिंदू मानून दुरुस्ती केल्यास लक्षण पुसले जाते आणि भोवतालचे गवत निळसर होते. अशा वेळी पोटाचा पांढरा भाग आधाराला घ्यावा. तोही मानेइतकाच पिवळट असेल तर दोष प्रकाशाचा. पोट पांढरे व मान बदामी असेल तर रंग पक्ष्याचा. ई-बर्डसारख्या ठिकाणी छायाचित्र नोंदीचा पुरावा ठरत असल्याने मूळ संचिका जपून ठेवावी आणि रंगाची तीव्रता वाढविणे हा दुरुस्तीचा भाग समजू नये.