आठवड्याच्या आहाराचे नियोजन : सुरुवात शेतापासून

निंदणी, सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणीच्या हंगामात शेतकरी कुटुंबातील स्त्रीचा बहुतेक दिवस शेतात जातो. स्वयंपाकास वेळ अपुरा पडतो आणि ताटातून प्रथम भाजी वगळली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. एकसुरी आहार हे त्यांपैकी एक होय.

चेन्नईतील संस्थेचा वर्ध्यातील प्रयोग

चेन्नई येथे 1988 मध्ये स्थापन झालेल्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने या प्रश्नाचा विचार शेतीच्या अंगाने केला. वर्धा आणि ओडिशातील कोरापुट या जिल्ह्यांतील काही गावांत 2013 पासून ‘पोषणासाठी शेतीपद्धती’ हा अभ्यास हाती घेण्यात आला. प्रथम कुटुंबांच्या आहारातील उणिवा तपासणे, त्यानुसार पिकांची निवड करणे आणि जोडीला पोषणविषयक प्रबोधन करणे, असा त्याचा क्रम होता. कापूस-सोयाबीनच्या वर्धा पट्ट्यात कडधान्ये आणि पोषण परसबागा यांवर भर देण्यात आला. आहाराचे नियोजन पीकनियोजनातच करावे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

आठवड्याचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी प्रतिदिन 250 ग्रॅम तृणधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मि.लि. दूध आणि डाळी, अंडी वा मांस मिळून 85 ग्रॅम, असे प्रमाण सुचविले आहे. चार प्रौढांच्या कुटुंबास यानुसार आठवड्याला सुमारे 7 किलो धान्य, 11 किलो भाजी आणि 2.4 किलो डाळी-कडधान्ये लागतात. कष्टाची कामे करणाऱ्यांची गरज अधिक असते. घरी पिकणारा माल या आकड्यांतून वजा केल्यास बाजारातून काय आणावयाचे, ते स्पष्ट होते.

नियोजन कसे करावे?

• आठवडी बाजाराचा दिवस हा नियोजनाचा पहिला दिवस मानावा. मेथी, पालक, चुका या नाशवंत पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, गवार, वांगी, दोडका त्यानंतर आणि लाल भोपळा, बटाटा आठवड्याच्या अखेरीस वापरावेत.

• ज्या दिवशी शेतात काम अधिक, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मटकी वा मूग भिजत घालून रात्री कापडात बांधून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या कडधान्याची उसळ अल्प वेळात तयार होते.

• चेन्नईतील अनेक घरांत इडली-डोशाचे पीठ एकदाच वाटून, आंबवून शीतकपाटात ठेवतात व काही दिवस वापरतात. तांदळाचा काही भाग वगळून त्याऐवजी ज्वारी वा नाचणी घेतल्यास हीच रीत आपल्याकडेही उपयुक्त ठरते.

• पालेभाजी व उसळीवर लिंबू पिळावे. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण सुधारते. जेवणालगत चहा घेणे टाळावे.

• परसबागेत पालक व मेथी एकदाच न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. बांधावर शेवगा, कढीपत्ता व पपई लावल्यास तोडणी दीर्घकाळ चालू राहते.

आठवड्याची यादी करण्याचे काम एकट्या गृहिणीवर सोपवू नये. भाजी निवडणे, कडधान्य भिजविणे, परसबागेस पाणी देणे ही कामे घरातील सर्वांनी वाटून घेतली, तरच नियोजन हंगामातही टिकते.

विस्तार कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व बैठकीत बियाणे व खतांच्या चर्चेसोबत प्रत्येक कुटुंबास एक प्रश्न अवश्य विचारावा : यंदाच्या पेऱ्यातील कोणते पीक विक्रीसाठी आणि कोणते घरच्या ताटासाठी आहे? घरच्या गरजेपुरती तूर, मूग व भाजी आधी राखून मगच विक्रीचा विचार केल्यास आठवड्याचे नियोजन सुकर होते.