कांद्याच्या ढिगातून विशेषणे

निफाड तालुक्यातील विंचूर हे कांद्याच्या बाजाराचे गाव. येथे मालाची प्रतवारी नित्याचीच: मोठा कांदा एकीकडे, गोल्टी दुसरीकडे. बालवाडीतील मुलांना विशेषणे शिकविण्याची हीच सहज रीत होय.

टोपलीभर कांदे मुलांपुढे ठेवावेत. प्रथम आकारानुसार ढीग करावयास सांगावे. मग तेच कांदे रंगानुसार, लाल आणि पांढरे. एकाच वस्तूची विभागणी अनेक प्रकारे होते, हे त्यांना उमगते. मोठ्या कांद्याशेजारी लहान ठरणारा कांदा लसणाच्या पाकळीशेजारी मोठा ठरतो. तुलना अशी कळते. डोळे मिटून गुळगुळीत वांगे व खरखरीत कारले ओळखण्याचा खेळही रंगतो. 'मोठा कांदा', 'मोठी काकडी', 'मोठे वांगे' हा बदल कानांवर पडतो; 'लाल' मात्र बदलत नाही. व्याकरण पाठांतराविना अंगवळणी पडते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडला परिसरातील साध्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले.

मुलाचे चुकल्यास उत्तर सांगू नये, "हा येथे का ठेवलास?" असे विचारावे. कारण सांगताना विशेषण त्याच्याच तोंडून येते.