कुयरी, कलगा आणि पिशवी : बनारसी नक्षीतील निसर्गाचे रूपांतर

वाराणसीच्या जरीवस्त्रावरील निसर्ग हा प्रत्यक्ष निसर्गाची नक्कल नसून परंपरेने संस्कारित केलेला निसर्ग होय. नक्षीचा प्रवास कथाबीजाच्या प्रवासासारखाच असतो : आकार टिकतो, नाव आणि अर्थ पालटतात. मराठीत जी कुयरी, म्हणजे कोवळी कैरी, तीच बनारसी विणकामात कलगा ठरते; फारसीत तिला झुडूपवाचक ‘बूटा’ हे नाव आहे, तर इंग्रजीत स्कॉटलंडमधील पेझ्ली या गावाचे. एकाच वक्ररेषेत प्रत्येक भाषेने आपापला निसर्ग पाहिला.

या आकारांना माध्यमाचेही व्याकरण असते. बनारसमध्ये कागदावरील रेखाटनावरून नक्शाबंद दोऱ्यांचा ‘नक्शा’ बांधीत असे. कोणत्या बाण्याला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे त्यात साठवलेले असे. पुढे हे काम जॅकार्डच्या छिद्रित पुठ्ठ्यांकडे आले. ‘कढुआ’ पद्धतीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे विणली जाते. ‘फेकवा’ पद्धतीत नक्षीचा धागा काठापासून काठापर्यंत जातो व मागील मोकळे धागे पुढे कापले जातात. पैठणीतील मोर, मुनिया व असावली मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच दिसतात. लाकडी ठशाच्या छपाईत हे बंधन नसते. तेथे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आणि ठशांचा अचूक मेळ आवश्यक असतो.

हीच नक्षी हातपिशवीवर येते, तेव्हा तिचे भाषांतरच घडते. साडीत वेल काठाने वाहते व बुट्ट्या अंगभर विखुरतात; पिशवीला मात्र मध्य, तळ आणि शिवण असते. तळाशी घडी घालून अखंड कापड शिवल्यास एका बाजूची झाडे उलटी दिसतात; म्हणून दोन्ही बाजूंची नक्षी परस्परविरुद्ध दिशेने छापावी लागते, किंवा तळाला जोड द्यावा लागतो. फेकवा कापडाच्या बटव्याला तर अस्तर अनिवार्यच असते, कारण कापलेले धागे घर्षणाने निसटतात.

2009 मध्ये ‘बनारस ब्रोकेड व साड्या’ यांना भौगोलिक मानांकन मिळाले; पैठणीला ते 2010 मध्ये लाभले. बनारसी मानांकन विणलेल्या वस्त्राचे आहे, छापलेल्या कलग्याचे नव्हे. छापील पिशवीला ‘बनारसी’ म्हणणे म्हणजे अनुवादाला मूळ संहिता म्हणणे होय. अनुवाद त्याज्य नसतो. मात्र तो अनुवाद असल्याचे सांगितले गेले नाही, तर विणकराचे श्रम व त्या श्रमांचे मोल दोन्ही अदृश्य होतात.