विश्लेषण : भाव, बांबू, वाघ... काहीच निश्चित नसताना जंगलाचे धोरण कसे ठरवायचे?

तेंदूपानाला यंदा काय भाव मिळेल, बांबू किती तोडावा, वाघाचा वावर असलेल्या भागात पाने तोडायला जावे का? या प्रश्नांची पक्की उत्तरे कोणाकडेच नसतात. तरीही गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ग्रामसभांना दरवर्षी निर्णय घ्यावाच लागतो. असा निर्णय घेऊ शकणारे तरुण तयार करणे हे येथील प्रशिक्षणापुढचे खरे आव्हान आहे.

ग्रामसभांकडे हा अधिकार कसा आला?

वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मेंढ्याच्या ग्रामसभेला मिळाला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेनेच करायचा असतो. तो लिहिण्याचे काम बहुतेकदा गावातील शिकलेल्या मुलामुलींवर येते.

अनिश्चितता नेमकी कशाची?

पहिली बाजाराची. तेंदूपानाचा पैसा पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे बियाणे-खताच्या वेळी घरात येतो. २०१७ च्या हंगामात विक्रमी भाव मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते कोसळले. दरम्यान जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला होता आणि तेंदूपाने १८ टक्क्यांच्या टप्प्यात गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आला. यातले काहीही ग्रामसभेच्या हातात नव्हते.

दुसरी निसर्गाची. बांबूला कित्येक दशकांतून एकदा फुलोरा येतो आणि त्यानंतर बेटेच्या बेटे वाळून जातात. नेमके कोणते वर्ष, हे आधी सांगता येत नाही.

तिसरी वन्यप्राण्यांची. ओडिशातील रानटी हत्ती छत्तीसगडमार्गे २०२१ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा त्याआधी केलेल्या कोणत्याच नियोजनात हत्ती नव्हता. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अंदाज चुकला तर त्याची किंमत काय असते, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

माहिती अपुरी असताना निर्णय कसा घेतला जातो?

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव हे त्याचे ठळक उदाहरण. २०१२ मध्ये या गावाला सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. गावाने बांबूवर भर दिला आणि तेंदूपानांचा धंदा सोडून दिला. पाने मिळवण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात आणि पक्षी-प्राण्यांच्या वाट्याची फळे जातात, असे त्यामागचे कारण होते. हातचा पैसा सोडल्याने जंगलाला नेमका किती फायदा होईल, याचा आकडा तेव्हा गावाकडे नव्हता. पण आगीने होणारे नुकसान भरून यायला वर्षे लागतात. बुडालेली मजुरी मात्र बांबूच्या कामातून काही अंशी भरून काढता येते. ज्या चुकीतून मागे फिरता येत नाही ती आधी टाळायची, असा या निर्णयाचा अर्थ लावता येतो.

प्रशिक्षणात काय असायला हवे?

मुंबई विद्यापीठाने ग्रामसभांच्या तरुणांसाठी सामूहिक वनसंसाधन व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतला. गडचिरोलीतील गोंडवाना विद्यापीठानेही ग्रामसभांच्या सदस्यांसाठी प्रशिक्षण हाती घेतले. कायदा, झाडांची मोजणी, नकाशे, हिशेब हे सारे आवश्यकच. पण भाव पडला, वणवा लागला, हत्ती आले तर पुढे काय, हा सराव त्याहून अवघड असतो.

कॅनडाचे परिसंस्था-अभ्यासक सी. एस. हॉलिंग यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक पद्धत मांडली. धोरण हा एक प्रयोग समजायचा, परिणाम मोजायचा आणि त्यानुसार धोरण बदलायचे. वर्गात हे सोप्या रीतीने करता येते. समजा, चार गटांना एकच जंगल दिले. प्रत्येक गटाने बांबूतोड ठरवायची. मग चिठ्ठी काढून एका वर्षी वणवा, दुसऱ्या वर्षी पडलेला भाव द्यायचा. कोणाची कमाई जास्त झाली, यापेक्षा वाईट वर्षातही कोणाचे जंगल आणि घर तगले, हे पाहायचे. ‘नवे कोंब अमुक संख्येखाली गेले तर पुढच्या वर्षी तोड बंद’ अशी अट आराखड्यात आधीच लिहून ठेवायची. ऐन हंगामात, पैशाची गरज असताना ती सुचत नाही.

गावाकडे याची काही परंपरा आहे का?

मेंढ्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यास गट चालतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. अभ्यास गटात बाहेरचा जाणकारही बसू शकतो, प्रश्न विचारू शकतो. पण निर्णय ग्रामसभाच घेते आणि तोही सर्वसहमतीने. पोळे न जाळता मध काढण्याचा विषय अशाच अभ्यासातून पुढे आला.

मग अडचण कुठे आहे?

जोखीम कोणी सोसायची, हा कळीचा मुद्दा. आराखडा लिहिणारा विद्यार्थी चुकला तर त्याचे गुण जातात. ग्रामसभा चुकली तर घरातला हंगाम जातो. म्हणून चांगल्या वर्षातील उत्पन्नाचा काही भाग वाईट वर्षासाठी बाजूला ठेवणे हाही धोरणाचाच भाग मानावा लागेल. दुसरी अडचण सवयीची. परीक्षेत ‘माहीत नाही’ या उत्तराला शून्य गुण मिळतात. जंगलाच्या आराखड्यात मात्र काय माहीत नाही आणि ते कळण्यासाठी काय मोजणार, हे लिहिणाऱ्यालाच जास्त गुण द्यायला हवेत.